सहावी पास

मुलीचं स्थळ, घराचा रंग आणि दुखऱ्या गुडघ्यावरचं तेल या तीन विषयांवर आपल्याकडे न मागता सल्ला मिळतो, हे मला माहीत होतं. पण भिंतीच्या पोटात, गिलाव्याखाली, जन्मात पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी जी वायर जायची असते, तिच्याबद्दलही आमच्या साताऱ्यात इतकी ठाम मतं असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

वायर म्हणजे विजेची नव्हे. विजेच्या वायरीचं सगळं सरळ असतं. ती जाड असते किंवा बारीक असते, लाल असते किंवा काळी असते, आणि हात लावला तर आपलं मत ती स्वतःच सांगते. मी म्हणतोय ती इंटरनेटची वायर. शुद्ध मराठीत लॅन केबल. ही दिसायला अगदी गरीब. निळसर किंवा करडी, करंगळीपेक्षाही बारीक, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. पण हिच्या आत इतका प्रपंच भरलेला असतो की त्यापुढे आपला संसार म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड.

पण आधी घराची ओळख करून देतो. आमचं घर 1978 सालचं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मामलेदार कचेरीतल्या पगारावर आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या आधारावर ते बांधलं. बाहेरच्या आणि मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड फूट जाड. ‘एकदा बांधायचं ते असं बांधायचं की पुन्हा बघायला नको’, हे नानांचं ब्रीद. वायरिंग मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे लाकडी पट्टीवर ठोकलेलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या वायरींचं आवरण शिळ्या पापडासारखं तडकायला लागलं. मिक्सर लावला की पंखा दम खायचा. पावसाळ्यात फ्रिजला हात लावला की फ्रिज हस्तांदोलन करायचा. शेवटी सगळं काढून भिंतीच्या आतून नवं वायरिंग करायचं ठरलं. ठरलं म्हणजे हिनं ठरवलं आणि मी वायरमनला फोन केला.

ही बातमी हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला लागली. त्याचा लगेच फोन.

“मामा, भिंती फोडताच आहात तर लॅनपण ओढून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा फोडाल.”

“अरे, पण वायफाय आहे ना?”

“तुमच्या घरात वायफाय?” एवढंच म्हणून तो हसला. हसण्यात तथ्य होतं. वायफायच्या लहरींच्या मुख्य जाती दोन. एक 2.4 गिगाहर्ट्झची आणि दुसरी 5 गिगाहर्ट्झची. पहिली सावकाश पण चिवट, दुसरी चपळ पण नाजूक. विटांच्या एखाद्या भिंतीतून दोघीही कशाबशा पार होतात. पण नानांच्या दीड फुटी दगडापुढे चिवटही चिवटपणा विसरते. ज्या भिंतीतून आजवर चोर आला नाही, उन्हाळा आला नाही, शेजारच्यांचा रेडिओ आला नाही, तिच्यातून वायफाय येईल अशी अपेक्षा करणंच चूक. दिवाणखान्यात बसलं तर जगाच्या पाठीवरचं सगळं दिसायचं. माडीवर गेलं की ते पांढरं चक्र गरगर फिरत राहायचं आणि आपण त्याच्याकडे बघत राहायचं.

या चक्रानं आमचं एक नुकसान केलं होतं, ते सांगायला हवं. आमची मुलगी पुण्याला असते. 2020 सालापासून तिच्या कंपनीनं आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची मुभा दिलेली आहे. घर म्हणजे कुठलं घर, हे कंपनी विचारत नाही. त्यामुळे ती शुक्रवारी रात्री नातवाला घेऊन यायची, शनिवार-रविवार राहायची, आणि रविवारी संध्याकाळी, ‘आई, सोमवारी मीटिंग आहे, इथे नेट चालत नाही’, असं म्हणून गाडीत बसायची. दिवाणखान्यात नेट चालायचं, पण तिथे मीही असायचो, बातम्याही असायच्या आणि दुपारी कुणी ना कुणी यायचंच. ही फाटकापर्यंत जायची, हात हलवायची आणि परत येऊन ओट्यावरची भांडी जरा जास्तच आवाज करून लावायची. नेटबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही.

तर लॅन घ्यायचं ठरलं. आता कुठलं?

भाच्यानं मला कॅट म्हणजे कॅटेगरी, हे समजावून सांगितलं. मी ते मनातल्या मनात इयत्ता असं करून घेतलं, आणि काय आश्चर्य, सगळं चट्दिशी डोक्यात बसलं. कारण हे खातं खरोखरच शाळेसारखं चालतं. इयत्ता पाचवी, तुकडी ई: ही सेकंदाला एक गिगाबिट एवढा मजकूर 100 मीटरपर्यंत नेते. आम्ही घेतलेली जोडणी 100 मेगाबिटची, म्हणजे याच्या एक-दशांश. इयत्ता सहावी 2002 साली सुरू झाली. ती तेवढंच काम अधिक सफाईनं करते. शिवाय अंतर थोडं असेल, साधारण 55 मीटरच्या आत, तर दहा गिगाबिटपर्यंतही मजल मारते. मात्र खूप वायरींची गर्दी असेल तर ही मजल आखूड होते. मग इयत्ता सहावी, तुकडी अ, 2008 सालची: दहा गिगाबिट आणि तेही पुरते 100 मीटर. वर्गात पहिली येणारी, पण अंगानं जाड, वळायला ताठ आणि खर्चाला भारी.

सातवीची गंमत निराळी. तिला आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे, पण अमेरिकेच्या बोर्डानं ती कधी मानलीच नाही. तिचं खरं टोक आपल्या नेहमीच्या खोबणीच्या टोकापेक्षा वेगळं. त्यामुळे बाजारात सातवी म्हणून जी मिळते, तिला बहुधा सहावीचंच टोक लावलेलं असतं. म्हणजे दाखला सातवीचा आणि बाक सहावीचा. आणि आठवी? ती हुशारीत सगळ्यांच्या वर, पण 30 मीटर धावली की संपली. ती मोठमोठ्या संगणक-केंद्रांत एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत जाण्यासाठी जन्माला आलेली. तिला साताऱ्यात आणून माडीवर चढवणं म्हणजे घोड्यांच्या शर्यतीतला घोडा टांग्याला जुंपणं.

“मामा, सहावी अ घ्या. फ्यूचर-प्रूफ होईल,” भाचा म्हणाला.

हा शब्द मी प्रथमच ऐकला. वॉटर-प्रूफ घड्याळ मी पाहिलं होतं. त्यात दुसऱ्या पावसाळ्यात पाणी गेलं होतं. पण भविष्याला आत शिरू न देणारी वस्तू म्हणजे कमालच झाली. आम्ही पत्रिका बघणारी माणसं, भविष्य आलं तर कुठून येईल एवढंच विचारतो. ही मंडळी त्याला दारातच अडवायला निघाली आहेत.

शेजारी एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांनी हे ऐकलं आणि काठी टेकत आले. “काय हो, आता सगळं हवेतून येतंय आणि तुम्ही वायरी कसल्या टाकताय? उलटी गंगा!”

त्यांना मी एक माहिती पुरवली, जिनं ते दोन दिवस गप्प होते. या वायरींमधून जी पद्धत चालते तिचं नाव इथरनेट. ते ठेवलं रॉबर्ट मेटकाफ या गृहस्थानं, 1973 साली, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत काम करत असताना. कशावरून? तर ईथरवरून. पूर्वीच्या शास्त्रज्ञांचा असा समज होता की सगळ्या अवकाशात ईथर नावाचं काहीतरी भरलेलं आहे आणि प्रकाश त्यातून वाहतो. 1887 साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी ते शोधण्यासाठी फार बारीक प्रयोग केला आणि त्यांना काही सापडलं नाही. म्हणजे जे हवेत आहे असं म्हणत होते आणि नव्हतं, त्याचं नाव जे जाडजूड वायरीत होतं त्याला मिळालं. “तेव्हा ओव्हरसियरसाहेब,” मी म्हटलं, “वायर हाच खरा ईथर.” ते म्हणाले, “चहा टाका.”

वायरीच्या आत काय असतं ते वायरमननं मला सोलून दाखवलं. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगाच्या तारेबरोबर त्याच रंगाच्या पट्ट्याची एक पांढरी. आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून. हा पीळ शोभेचा नव्हे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनंच 1881 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. दोन तारा पीळ देऊन चालल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला त्याची वजाबाकी होऊन जाते.

पण मला जास्त आवडलं ते पुढचं. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. असं का? तर एका जोडीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मुंबईत नोकरीला असताना तीन वर्षं गिरगावातल्या चाळीत काढली आहेत. एका खोलीत पडदे लावून दोन-दोन जोडपी राहायची. कुणाचं काय बोलणं झालं ते सकाळी नळावर सगळ्यांना पाठ. ज्यानं चार जोडपी एका नळीत कोंबून एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी जाऊ दिला नाही, त्याला त्या चाळीतर्फे मी मनोमन नमस्कार केला. म्हणून टोक लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. तेवढ्यात उलगडला की लागलीच कुजबुज सुरू.

आता खरेदी. सहावी की सहावी अ, हे ठरायच्या आत मी बाजारात गेलो, बरोबर ही. दुकानदारानं 305 मीटरची पेटी पुढे ठेवली. एक हजार फूट म्हणजे 305 मीटर, म्हणून हा विचित्र आकडा. वर इंग्रजीत सहावी लिहिलेलं. किंमत ऐकून मला आनंद झाला. भाच्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्मी. दुकानदार म्हणाला, “काका, सेम टू सेम आहे. सगळे हीच नेतात.”

हिनं पेटी उचलली. उचलली आणि परत ठेवली. मग दुसऱ्या, महाग पेटीला हात घातला. तीही उचलली. मंडईत कलिंगड घेताना जो चेहरा असतो तो चेहरा.

“ही हलकी आहे,” ही म्हणाली.

“वहिनी, प्लॅस्टिकचा फरक असतो,” दुकानदार.

“ब्लेड आहे का?”

त्यानं नाइलाजानं दिलं. हिनं वायरीचं टोक सोललं, एक तार नखावर धरली आणि ब्लेडनं खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरं, चंदेरी.

“एक ग्रॅमचे दागिने आहेत हे,” ही म्हणाली. “वरून मुलामा.”

अगदी बरोबर. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तांबं आकारमानाला आकारमान धरलं तर तिप्पटीहून जड, म्हणून पेटी हलकी लागली. अशी मुलाम्याची वायर कोणत्याच इयत्तेच्या नियमात बसत नाही. तिला विरोध जास्त, ती पटकन मोडते, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याला याच वायरीतून वीज पाठवली, तशी आता पाठवतात, तर ती तापते. ही ज्ञानशाखा मी भाच्याकडून शिकलो. हिला भाचा लागला नाही. हिच्या आईनं हिला बोहारणीकडून भांडं घेताना तांबं, पितळ आणि जर्मन ओळखायला शिकवलं होतं, तेवढी पुंजी पुरली. आम्ही जड पेटी घेतली. पूर्ण तांबं, सहावी.

सहावी का आणि सहावी अ का नको, याचा हिशेब मी वहीत मांडला होता. आमच्या घरातली सगळ्यात लांब वायर, जिन्याखालच्या कपाटापासून माडीच्या टोकाच्या खोलीपर्यंत, वळणं धरून 22 मीटर. सहावीला दहा गिगाबिट न्यायचे म्हटले तरी एवढं अंतर म्हणजे अंगणातलं अंगण. मग जाड, ताठ वायरीला वळणावर मोडू न देता नेण्याची कसरत कशाला? वायर वळवायची ती तिच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येनं, असा नियम आहे. पडदा, म्हणजे वरून पत्र्याचं वेष्टन असलेली वायरही दुकानात होती. पण त्या वेष्टनाला नीट अर्थिंग दिलं तरच त्याचा उपयोग. आणि आमच्या घराचं अर्थिंग हे नवं होईपर्यंत केवळ श्रद्धेवर चालत होतं. साधी सहावी झाली.

मग वायरमन आणि मी यांचं पहिलं भांडण झालं. तो सुस्वभावी मुलगा, पण त्याचा पिंड विजेचा. तो म्हणाला, “काका, लाइटच्याच पायपातनं घालतो की. झिरी वाचती.”

“नाही.”

“का?”

विजेची आणि नेटची वायर एका पाइपात घालायची नाही, हे सुरक्षेसाठीही आणि गोंगाटासाठीही. त्या दोघींनी भावकीतल्या दोन घरांसारखं राहावं. मध्ये निदान वीतभर अंतर, फार वेळ शेजारी-शेजारी चालायचं नाही, आणि एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडून सरळ आपल्या वाटेनं निघून जायचं. भावकीचं उदाहरण दिल्यावर त्याला तत्काळ समजलं. त्याच्या गावाला विहिरीचा दावा चालू आहे.

दुसरं भांडण असं की, दिव्याच्या वायरीसारखी तो ही वायरही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून तिसऱ्या खोलीत अशी फिरवत न्यायला निघाला होता. इथे तसं चालत नाही. प्रत्येक बोर्डापासून निघालेली वायर मध्ये कुठेही न थांबता, न जोडता, थेट जिन्याखालच्या कपाटात यायला हवी. माहेरवाशिणीनं वाटेत मावशीकडे, आत्याकडे थांबत थांबत माहेरी यायचं नाही. एसटी थेट पकडायची.

“मग सांगा, पॉइंट कुठं कुठं?” त्यानं खडू काढला.

हा प्रश्न साधा वाटतो. पण पॉइंट कुठे, याचा अर्थ पुढची पंचवीस वर्षं कोण कुठे बसणार. ते आमच्या वयाच्या दोन माणसांना विचारलं तर उत्तर फार सोपं असतं. दिवाणखान्यात दोन, टीव्हीला आणि मला. मधल्या खोलीत एक. फाटकावरच्या कॅमेऱ्याला एक. खडूच्या फुल्या झाल्या.

“आणि माडीवर दोन,” ही म्हणाली. “टेबल खिडकीशी येईल, तिथं. आणि वर छताला एक, त्या वायफायच्या डब्याला.”

वायरमननं वर पाहिलं. “माडीवर कशाला, काकू? वर कोण राहतंय?”

जिन्यात क्षणभर कुणीच काही बोललं नाही.

“राहत नाही,” ही म्हणाली. “राहायला येतात.”

त्यानं मुकाट्यानं वर जाऊन तीन फुल्या मारल्या. वहीतल्या माझ्या हिशेबात तीन वायरी वाढल्या. मी त्या लिहिल्या आणि पुढे बेरीज केली नाही.

विटांच्या भिंतींना झिऱ्या दोन दिवसांत मारून झाल्या. दगडी भिंतीनं मात्र हिसका दाखवला. ड्रिलचं एक पातं गेलं, दुसरं गेलं, वायरमनचा आवाज बसला, आणि अडीच तासांत भोक पडलं ते चार बोटं. रस्त्यावरच्या खांबावरून येणारी फायबरची वायर त्या भिंतीतून आत घ्यायची होती. तेव्हा मी म्हटलं, “थांब. ते शोकेस बाजूला कर.”

शोकेसच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीत एक दोन इंची लोखंडी नळी आहे. ओटीवर उघडते आणि मधल्या खोलीत संपते. ती नानांची नळी.

1978 साली घर बांधताना नानांनी गवंड्याला ती बसवायला लावली. गवंड्यानं विचारलं, ‘ही कशाला?’ नाना म्हणाले, ‘फोन येईल.’ त्या वेळी आमच्या अख्ख्या गल्लीत फोन एकच होता, डॉक्टरांचा. नानांनी अर्ज केला 1980 साली. तेव्हा अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची हाच फोनचा मुख्य उपयोग होता. गल्लीतली मंडळी ओटीवर आली की नळीला कान लावून म्हणायची, ‘नाना, घंटी वाजतेय बघा.’ आत कुंभारणीनं मातीची घरटी केली. नाना दर दिवाळीला सायकलच्या तारेनं नळी साफ करायचे आणि तिला कापडाचा बोळा लावायचे. फोन आला 1988 साली. वायरमन आला, भोक कुठे पाडू म्हणून विचारायला लागला, तेव्हा नानांनी फक्त बोळा काढला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत श्रीमंत क्षण असावा.

पुढे त्या नळीतून केबल टीव्ही आत आला. विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि काही वर्षांनी तेही त्याच फोनच्या तारेवरून, गळा साफ करत, किंकाळ्या मारत आमच्याकडे पोचलं. नाना त्याआधीच, 1996 साली गेले होते. 2013 साली सरकारनं तारसेवा बंद केली. काही दिवसांनी आमचा तो फोनही आम्हीच परत केला. आलेल्या वस्तू गेल्या, नळी राहिली. आणि आता तिच्यातून केसासारख्या काचेच्या तंतूची फायबर दहा मिनिटांत सुरळीत आत आली. नानांनी फायबर हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. काय येणार हे त्यांना ठाऊक नव्हतंच. काहीतरी येईल, आणि तेव्हा भिंत आडवी नको, एवढंच ठाऊक होतं.

मी भाच्याला त्याच रात्री फोन केला. “तुझं ते फ्यूचर-प्रूफ सापडलं. ते वायरीत नसतं. ते पाइपात असतं.”

“कसं काय, मामा?”

त्याला सांगितलं. वायर पाचवी घ्या, सहावी घ्या, नववी निघाली तर नववी घ्या. वीस वर्षांनी ती जुनी होणारच. पण भिंतीत जर मोकळा, मोठा पाइप असेल तर जुनी ओढून काढायची आणि नवी घालायची. भिंतीतच लिंपलेली वायर म्हणजे कायमचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी मी 20 मिलिमीटरचे पाइप परत करून 25 मिलिमीटरचे आणले, काटकोनी कोपऱ्यांच्या जागी ऐसपैस वळणं घ्यायला लावली, आणि प्रत्येक पाइपात वायरीबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली. पुढच्यानं दोरीला नवी वायर बांधायची आणि ओढायची. माडीवर तर मी एक आख्खा पाइप रिकामाच नेला, नुसता दोरीचा.

शेवटी टोकं लावायचं काम. वायरमन माझ्याकडून रंगांची आरती म्हणून घेत होता: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. बघा, हिरव्या जोडप्याच्या मधोमध निळं जोडपं येऊन बसलंय. एसटीत खिडकीशी नवरा, मार्गालगत बायको आणि मध्ये परके दोघं, तसं. याचं कारण विचारलं तर ते फोनचं निघालं. फोनच्या जोडणीत मधल्या दोन जागा असतात, त्या राखण्यासाठी निळीला मध्ये बसवलं. म्हणजे फोन गेला तरी त्याची जागा कुणी घेतलेली नाही. नानांना हे आवडलं असतं.

उरलेली दीडशे-पावणेदोनशे मीटर वायर वायरमननं मागितली. हिनं दिली नाही. तांबं आहे म्हणाली.

परवा मुलगी आली. रविवारी संध्याकाळी तिनं बॅग भरली नाही. सोमवारी सकाळी माडीवर खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपला वायर, आणि तिचं कुणाला तरी इंग्रजीतून काहीतरी ठणकावून सांगणं चाललेलं खाली ऐकू येत होतं. नातू अंगणात. ती गुरुवारी गेली. त्या चार दिवसांत ही किती वेळा जिना चढली ते मी मोजलं नाही. तिच्या गुडघ्यावरच्या तेलाची बाटली मात्र रिकामी झाली.

ती गेल्यावर आम्ही दोघं माडी झाडायला वर गेलो. हिचं लक्ष कोपऱ्यातल्या तिसऱ्या पाइपाकडे गेलं.

“यात काय आहे?”

“काही नाही.”

“मग ठेवलाय कशाला?”

“काहीतरी येईल.”

ही त्या पाइपाकडे थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तोवर त्याला बोळा लावा. पाली शिरतील.”